∴ हे ‘म्हणून’ चिन्ह संगणकावर आणि फोनवर कसे लिहावे

भूमितीची प्रश्नपत्रिका, नोट्स किंवा उत्तरसूची मराठीत टाईप करायला बसले की पहिली अडचण येते ती ∴ या चिन्हाची. वहीत ते तीन ठिपक्यांत उरकते, पण कीबोर्डवर त्याची कळ नाही. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवरही नाही आणि साध्या इंग्रजी कीबोर्डवरही नाही. मग कोणी दोन पूर्णविराम देऊन वर एक उचललेला पूर्णविराम बसवतो, कोणी चिन्हाचे छोटे चित्र चिकटवतो, कोणी इंटरनेटवरून मिळेल ते तीन ठिपके उचलतो. पडद्यावर सगळे सारखेच दिसते. फाइल दुसऱ्या संगणकावर, छापखान्यात किंवा विद्यार्थ्याच्या फोनवर उघडली की ठिपके विखुरतात, चौकोन होतात, नाहीतर गायबच होतात.

यावर उपाय एकच: खरे चिन्ह वापरायचे. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, ‘म्हणून’ चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे, २२३४. त्याच्या शेजारी २२३५ वर ∵ हे ‘कारण’ चिन्ह आहे. हे क्रमांक षोडशमान (हेक्स, म्हणजे १६ च्या पायाच्या) पद्धतीतले आहेत. दशमान पद्धतीत तेच अनुक्रमे ८७५६ आणि ८७५७ होतात. काही ठिकाणी पहिला आकडा लागतो, काही ठिकाणी दुसरा, म्हणून दोन्ही एका चिठ्ठीवर लिहून संगणकाजवळ चिकटवून ठेवावेत.

एक सूचना सुरुवातीलाच, कारण नव्या माणसाचे निम्मे प्रयत्न इथेच फसतात. या लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत, पण टाईप करताना ते इंग्रजी आकड्यांतच टाईप करायचे. देवनागरी २२३४ हा संगणकाच्या लेखी चिन्हाचा क्रमांक नाही, चार अक्षरे आहेत. मराठी कीबोर्ड चालू असेल तर आधी विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या, चिन्ह काढा आणि मग मराठीवर परत जा.

वर्डमध्ये

सर्वांत जलद मार्ग असा. जिथे चिन्ह हवे तिथे कर्सर ठेवा, इंग्रजी आकड्यांत २२३४ टाईप करा, आणि मध्ये काहीही न दाबता ऑल्ट धरून एक्स दाबा. आकडे जाऊन ∴ उमटते. लिब्रेऑफिस रायटरमध्येही हीच युक्ती चालते.

इथे भूमितीवाल्यांसाठी खास खड्डा आहे. पाठ्यपुस्तकात बिंदूंना रोमन अक्षरे असतात, आणि त्यांतली ए, बी, सी, डी, ई, एफ ही सहा अक्षरे षोडशमान पद्धतीत अंक म्हणूनच धरली जातात. रेख सीडी लिहून तिला लागूनच २२३४ टाईप केले तर वर्ड ‘सीडी२२३४’ हा एकच लांबलचक क्रमांक समजते आणि भलतेच काही काढते किंवा काहीच करत नाही. म्हणून क्रमांकाच्या आधी एक जागा सोडा, नाहीतर फक्त चार आकडे निवडून मग ऑल्ट-एक्स दाबा.

हीच कळ उलटीही चालते आणि तपासणीसाठी ती फार कामाची आहे. कोणाकडून आलेल्या फाइलमधल्या तीन ठिपक्यांच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा. २२३४ उमटले तर चिन्ह खरे. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबले की ते पूर्ववत होते. दुसरे काहीही उमटले तर ते चिन्ह नव्याने टाकावे लागणार हे नक्की.

इन्सर्ट मेनूतील सिम्बॉल, मग मोअर सिम्बॉल्स हा रस्ता बहुतेकांना माहीत असतो, पण चुकीचे चिन्ह फाइलमध्ये शिरते तेही बहुधा इथूनच. खिडकीच्या वरच्या बाजूला फॉन्टच्या रकान्यात ‘सिम्बॉल’ नावाचा जुना फॉन्ट निवडलेला असेल तर दिसेल ∴, पण फाइलमध्ये त्या फॉन्टचा अंतर्गत क्रमांक जाईल. रकान्यात ‘नॉर्मल टेक्स्ट’ निवडा, खाली उजवीकडे ‘फ्रॉम’मध्ये युनिकोड हेक्स आहे याची खात्री करा, कॅरेक्टर कोडमध्ये २२३४ टाका आणि मगच इन्सर्ट दाबा.

आकड्यांच्या कळपट्टीवर ऑल्ट धरून ८७५६ दाबण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. वर्डमध्ये तो चालतो. जुन्या नोटपॅडमध्ये मात्र चिन्हाऐवजी इंग्रजी ४ उमटतो आणि माणूस चक्रावतो. कारण गमतीचे आहे: तो प्रोग्रॅम २५५ च्या पुढचा आकडा मानत नाही, २५६ ने भागून उरलेली बाकी घेतो. ८७५६ ला २५६ ने भागले की बाकी ५२ उरते, आणि ५२ हा इंग्रजी ४ चा क्रमांक. ∵ साठी ८७५७ दाबले तर त्याच न्यायाने ५ येतो.

एक्सेलमध्ये ऑल्ट-एक्सची युक्ती नाही. तिथे रिकाम्या चौकटीत बरोबरचे चिन्ह, मग युनिचार हे फंक्शन रोमन अक्षरांत, आणि कंसात ८७५६ लिहून एंटर दाबा. आलेले चिन्ह कॉपी करून हवे तिथे ‘व्हॅल्यूज’ म्हणून पेस्ट करा.

रोज लागत असेल तर

एका प्रश्नपत्रिकेत वीस-पंचवीस वेळा ∴ येते. दर वेळी इंग्रजीवर जाऊन आकडे दाबणे म्हणजे डोकेदुखी. त्यापेक्षा पाच मिनिटे खर्चून ऑटोकरेक्टमध्ये नोंद करून ठेवावी.

आधी वरच्या रीतीने एक ∴ काढून कॉपी करा. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असे जा. ‘रिप्लेस’च्या चौकटीत ;म टाईप करा, ‘विथ’च्या चौकटीत ∴ पेस्ट करा, अ‍ॅड दाबा. ∵ साठी ;क ठेवा. अर्धविरामाला चिकटून एकटे म किंवा क मराठीत कधी येत नाही, म्हणून चुकून बदल होण्याची भीती नाही. नुसते ‘म’ किंवा ‘म्ह’ मात्र ठेवू नका. गणितात बिंदूला म नाव देताच पंचाईत होईल. आता मजकुरात ;म टाईप करून स्पेसबार दाबला की ∴ येते, आणि चिन्हानंतर जी एक जागा हवीच असते तीही आपोआप मिळते.

नोंद केली तरी बदल होत नसेल तर ऑटोकरेक्टच्या खिडकीचा मथळा बघा. त्यात भाषेचे नाव असते. वर्ड प्रत्येक भाषेची यादी वेगळी ठेवते. इंग्रजीच्या यादीत केलेली नोंद मराठी मजकुरात लागू होत नाही. मराठी कीबोर्ड चालू करून, मराठी ओळीत कर्सर ठेवून मग ती खिडकी उघडा आणि नोंद करा.

समीकरणाच्या चौकटीतही ∴ मिळते: ऑल्ट आणि बरोबरची कळ दाबून चौकट उघडायची, उलटी तिरकी रेघ देऊन रोमन लिपीत देअरफोर लिहायचे आणि स्पेसबार दाबायचा. पण नुसत्या ∴ साठी हा खटाटोप करू नये. त्या चौकटीत देवनागरी अक्षरे बरेचदा नीट बसत नाहीत, आणि ‘म्हणून’नंतर मराठी शब्द यायचेच असतात. अपूर्णांक, वर्गमूळ असेल तरच चौकट उघडावी.

बाकीची यंत्रे

गूगल डॉक्समध्ये इन्सर्ट मेनूतून स्पेशल कॅरेक्टर्स उघडून शोधाच्या जागी २२३४ टाका. किंवा बाजूच्या पांढऱ्या चौकोनात माऊसने तीन ठिपके काढा, ते ओळखून दाखवते. टूल्स, प्रेफरन्सेस, सब्स्टिट्यूशन्स इथे वरच्यासारखीच ;म ची नोंद करता येते.

गूगल फॉर्म्समध्ये समीकरण लिहिण्याची सोय नाही. त्यामुळे तिथे ऑनलाइन चाचणी तयार करणाऱ्यांना हे खरे युनिकोड चिन्हच तारते: डॉक्समधून कॉपी करून प्रश्नात पेस्ट करा, जसेच्या तसे जाते.

मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेसबार एकत्र दाबले की चिन्हांची खिडकी उघडते. शोधात देअरफोर हा शब्द रोमन लिपीत टाका. लिनक्सच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-शिफ्ट-यू, मग २२३४, मग एंटर.

फोनवर चिन्ह शोधत बसू नये, नोंदच करावी. संगणकावरून स्वतःलाच ∴ असलेला संदेश पाठवा आणि फोनवर ते कॉपी करा. अँड्रॉइडवर जीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये डिक्शनरी, पर्सनल डिक्शनरी, मग मराठी भाषा. अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून शब्दाच्या जागी ∴ आणि शॉर्टकटच्या जागी ‘म्हण्’ किंवा तुमच्या हाताला सोयीचे काही लिहा. टाईप करताना ते वरच्या सूचनांच्या पट्टीत येईल, त्यावर टिचकी मारायची. आपोआप बदल होण्याची वाट पाहू नका. इंग्रजी कीबोर्डवरही हवे असेल तर इंग्रजी भाषेखाली वेगळी नोंद लागते. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट.

ओळींमध्ये मोठी फट का पडते

चिन्ह बरोबर आले, पण ते असलेली प्रत्येक ओळ अचानक पसरली आणि वरखाली मोठी रिकामी जागा पडली, ही वर्डमधली नेहमीची तक्रार. दोष फॉन्टचा असतो. मराठीच्या अनेक फॉन्टमध्ये ∴ चा आकारच नसतो, मग वर्ड ते दुसऱ्या फॉन्टमधून उसने घेते. तो फॉन्ट कँब्रिया मॅथ निघाला की घात झाला. तो फॉन्ट मोठमोठी समीकरणे सामावण्यासाठी बनवलेला असल्याने त्याची ओळीची उंची अवाढव्य आहे.

त्यावर दोन उपाय आहेत. चिन्ह निवडून त्याचा फॉन्ट सेगो यूआय सिम्बॉल करा. विंडोजसोबत तो येतोच. किंवा परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ओळीचे अंतर ‘एक्झॅक्टली’ करून आकडा द्या: १२ पॉइंटच्या मजकुराला साधारण १८ पॉइंट. देवनागरीत वर रफार आणि खाली उकार असतात, म्हणून इंग्रजीच्या हिशेबाने १४ ठेवले तर मात्रा कापल्या जातील.

कधी उलट घडते: ∴ एका अक्षराऐवजी दीड-दोन अक्षरांची जागा अडवते आणि पुढचा मजकूर लांब ढकलला जातो. तेव्हा ते जपानी किंवा चिनी फॉन्टमधून आलेले असते. हे चिन्ह जपानच्या जुन्या संगणकीय चिन्हसंचातही आहे आणि तिथे प्रत्येक चिन्हाला चित्रलिपीतल्या अक्षराएवढी पूर्ण रुंदी मिळते. उपाय तोच, चिन्हाचा फॉन्ट बदलणे. प्रत्येक ठिकाणी हाताने बदलायचा नसेल तर कंट्रोल-एच दाबून शोधाच्या चौकटीत ∴ टाका, बदलाच्या चौकटीतही ∴ टाका, आणि मोअर, फॉरमॅट, फॉन्ट यातून त्या दुसऱ्या चौकटीला सेगो यूआय सिम्बॉल लावा. ‘रिप्लेस ऑल’ दाबले की सगळी चिन्हे एकसारखी होतात.

जुन्या फॉन्टातल्या फाइल आणि छापखाना

महाराष्ट्रात अजूनही असंख्य प्रश्नसंच श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत पडून आहेत. त्यांत ∴ बहुधा वर सांगितलेल्या सिम्बॉल फॉन्टमधून आलेले असते. त्या फॉन्टमध्ये इंग्रजीतली उलटी तिरकी रेघ टाईप केली की ∴ दिसते; दोघांची जागा एकच, ९२ क्रमांकाची. म्हणून अशी फाइल कॉपी करून साध्या मजकुरात पेस्ट केली की जिथे जिथे ‘म्हणून’ होते तिथे उलटी तिरकी रेघ किंवा रिकामा चौकोन उगवतो. फाँट रूपांतर करणाऱ्या साधनांतून मजकूर काढला तर आणखी गंमत: त्यांना मधेच फॉन्ट बदलल्याचे कळत नाही, ती रेघही मराठीच समजून तिचे एखादे अक्षर किंवा जोडाक्षराचा तुकडा करून टाकतात. आणि ∵ तर सिम्बॉल फॉन्टमध्ये नाहीच. जुन्या फाइलमध्ये ते दिसले तर ते हाताने जुळवलेले ठिपके असण्याची शक्यता जास्त.

तेव्हा रूपांतराआधी, मूळ फाइलमध्येच, सगळी चिन्हे शोधून ∴ च्या जागी @@१ आणि ∵ च्या जागी @@२ अशा ओळखीच्या खुणा इंग्रजी आकड्यांत ठेवा. काही रूपांतरक खुणांचेही काहीतरी करतात, म्हणून एका ओळीवर आधी करून बघा. रूपांतर झाल्यावर खुणांच्या जागी ∴ आणि ∵ आणा.

छापखान्यात पेजमेकर हा जुना पानजुळणीचा प्रोग्रॅम वापरत असतील तर युनिकोड मजकूर पाठवून उपयोग नाही; पेजमेकरला युनिकोड समजतच नाही. अशा वेळी पीडीएफ तयार करूनच द्या. ती दिल्यावरही एकदा खात्री करा: पीडीएफ उघडून प्रॉपर्टीज, फॉन्ट्स या भागात प्रत्येक फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ असे लिहिलेले हवे. नसेल तर छापखान्याच्या संगणकावर ∴ च्या जागी काय येईल याची हमी नाही.

वेबपान, लॅटेक आणि सीएसव्ही

वेबपानात ∴ थेट लिहिले तरी चालते, फक्त पान यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) साठवलेले हवे. संकेताने लिहायचे तर अँपरसँड, मग रोमन लिपीत देअर, त्याला लागून इंग्रजी ४ चा आकडा, शेवटी अर्धविराम. हा ४ म्हणजे इंग्रजी ‘फोर’च्या उच्चारावरचा श्लेष आहे, टंकलेखनाची चूक नव्हे; तो सुधारायला जाऊन कोणी ४ च्या जागी अक्षरे लिहितो आणि शेवटचे अक्षर गाळतो, मग पानावर चिन्हाऐवजी संकेतच उघडा पडतो. अंकांनी लिहायचे तर अँपरसँड, हॅश, ८७५६, अर्धविराम.

लॅटेक या गणिती मजकूर जुळवण्याच्या प्रणालीत देअरफोर ही आज्ञा मूळ संचात नाही. दस्तऐवजाच्या सुरुवातीला एएमएससिम्ब हे पॅकेज बोलावले नाही तर ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स’ अशी चूक येते. मराठीसाठी बहुतेक जण झीलॅटेक ही लॅटेकचीच युनिकोड समजणारी आवृत्ती वापरतात आणि मजकुरात थेट ∴ टाकतात. तिथे धोका वेगळा: देवनागरी फॉन्टमध्ये ते चिन्ह नसेल तर पान बिनतक्रार तयार होते, फक्त ∴ ची जागा रिकामी राहते. तक्रार असते ती लॉग फाइलमध्ये, ‘मिसिंग कॅरेक्टर’ या शब्दांनी. छापण्याआधी लॉगमध्ये हे दोन शब्द शोधावेत. आणि इन्स्क्रिप्टवर असताना उलट्या तिरक्या रेघेची कळ दाबली की ॉ उमटतो, म्हणून आज्ञा लिहिताना कीबोर्ड इंग्रजीवरच हवा.

प्रश्नपेढी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) ठेवत असाल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. नुसते सीएसव्ही निवडले तर मराठी मजकुरासकट ∴ चे प्रश्नचिन्ह होते, आणि ते परत आणता येत नाही. प्रश्नचिन्हाऐवजी टोपी घातलेला रोमन ए, त्यापुढे एक सुटी टोपी आणि एक तिरकी टिकली अशी तीन चिन्हे दिसली तर घाबरू नका. ∴ यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे असते आणि समोरच्या प्रोग्रॅमने त्या तिन्ही बाइट वेगवेगळी अक्षरे समजून दाखवल्या आहेत. फाइल शाबूत आहे. उघडताना यूटीएफ-८ निवडा.

दिसायला सारखे, पण ते नव्हे

तमिळमधला आय्दम हा वर्ण, ஃ, हुबेहूब ∴ सारखा दिसतो आणि चिन्ह शोधताना तोच कॉपी होण्याचा संभव असतो. ∷ हे चार ठिपक्यांचे चिन्ह प्रमाणासाठी आहे. ⁂ ही तीन फुल्यांची खूण मजकुरातला खंड दाखवते. यांतले काही ∴ च्या जागी बसले तर शोध लागत नाही आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला अर्थ कळत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या संगणकावर खऱ्या ∴ ला नाव असते. तीन पूर्णविराम असतील तर त्याला ‘डॉट डॉट डॉट’ ऐकू येते, किंवा काहीच नाही.

अशीच गफलत त्रिकोणाच्या चिन्हाची. भूमितीतला त्रिकोण △ वेगळा, ग्रीक डेल्टा Δ वेगळा आणि फरक दाखवणारे ∆ तिसरेच. कोणतेही एक निवडा, पण पूर्ण प्रश्नपत्रिकेत तेच ठेवा. कोनाचे ∠ २२२० वर, समांतरचे ∥ २२२५ वर, एकरूपतेचे ≅ २२४५ वर आहे. ऑटोकरेक्टची नोंद करायला बसलातच तर हीही उरकून घ्या.

सिद्धतेत मांडणी

∴ ओळीच्या सुरुवातीला येते, त्यानंतर एक जागा, मग विधान. त्याच्या आधी स्वल्पविराम नको, आणि ‘∴ म्हणून’ असे दुहेरी नको. चिन्ह ओळीच्या शेवटी एकटे लटकू नये म्हणून त्यानंतरची जागा न तुटणारी द्यावी: वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेसबार.

समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाची सिद्धता अशी दिसायला हवी (बिंदूंची नावे इथे जुन्या मराठी पुस्तकांच्या रीतीने घेतली आहेत, अड हा ∠बअक चा दुभाजक आहे आणि ड हा रेख बक वर आहे):

△अबड व △अकड मध्ये,
रेख अब ≅ रेख अक …… (पक्ष)
∠बअड ≅ ∠कअड …… (रचना)
रेख अड ≅ रेख अड …… (सामाईक बाजू)
∴ △अबड ≅ △अकड …… (बाकोबा कसोटी)
∴ ∠अबड ≅ ∠अकड …… (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)

पहिल्या तीन विधानांना ∴ नाही हे लक्षात घ्या. त्या दिलेल्या किंवा उघड गोष्टी आहेत, कशातूनही निघालेल्या नाहीत. प्रत्येक ओळीला सवयीने ∴ लावणे ही टाईप करणाऱ्यांची फार जुनी खोड, आणि ऑटोकरेक्टने ती आणखी सोपी होते. ∵ ची तर या मांडणीत गरजच उरत नाही, कारण ‘कारण’ उजवीकडच्या कंसात आलेलेच असते. ते एका ओळीत विधान आणि निष्कर्ष दोन्ही बसवायचे असतील तेव्हाच वापरावे.

उजवीकडचे कंस स्पेसबार दाबून जुळवू नका. देवनागरीत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, फॉन्ट बदलला की सगळी रांग वाकडी होते. ओळीच्या पट्टीवर ९ सेंटिमीटरवर टॅब स्टॉप ठेवा, लीडरमध्ये ठिपक्यांचा प्रकार निवडा आणि विधानानंतर एकदाच टॅब दाबा. ठिपके आपोआप भरले जातात. पानाला दोन रकाने असतील तर ९ सेंटिमीटर मावणार नाही. तिथे कंस पुढच्या ओळीवर घेऊन उजवीकडे सरकवलेला बरा.

गद्य मजकुरात मात्र ∴ वापरू नये. ‘पाऊस आला ∴ सामना रद्द झाला’ हे वहीच्या समासात ठीक, छापील उत्तरात नाही. हे चिन्ह गणितातलेच: योहान रान याने १६५९ साली झुरिकमध्ये छापलेल्या बीजगणिताच्या पुस्तकात ते आढळते, आणि भागाकाराचे ÷ हे चिन्हही त्याच पुस्तकातून पुढे आले. ÷ आज प्रत्येक फोनच्या कीबोर्डवर आहे. ∴ साठी अजून ;म वरच भागवावे लागते.